केळ्याची किंमत कळली, शिल्पाचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथील ‘सदबीज’च्या लिलावात मॉरिझिओ कॅटेलान या इटालियन कलावंताची ‘कॉमेडियन’ ही कलाकृती, म्हणजे चिकटपट्टीने भिंतीला लावलेले एक केळे, ६२ लाख डॉलरना विकली गेली आणि खरेदीदाराने काही दिवसांतच हाँगकाँगमध्ये पत्रकारांसमक्ष ते केळे खाऊन टाकले. तेव्हापासून रोजच्या वापरातल्या वस्तू शिल्प म्हणून मांडणाऱ्या कलेविषयी आपल्याकडील वृत्तपत्रांत जे काही छापून येते, त्याचा साचा ठरून गेल्यासारखा झाला आहे. आधी डॉलरमधला आकडा, मग त्याचे रुपये, मग एखादा चिमटा आणि शेवटी ‘याला कला म्हणायचे का?’ हा प्रश्न, ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला बहुधा नकोच असते. जुलै २०२५ मध्ये फ्रान्समधील मेत्झ येथील पाँपिदू केंद्रात एका प्रेक्षकाने ‘कॉमेडियन’मधले केळे पुन्हा खाल्ले, तेव्हाही बातमीचा घाट हाच होता. माझी तक्रार थट्टेविषयी नाही. ‘कॉमेडियन’ची थट्टा व्हावी हे खुद्द कॅटेलान यांनीच शीर्षकात सुचवून ठेवले आहे. तक्रार अशी आहे की या एका केळ्याच्या मापाने शंभराहून अधिक वर्षांची, आतून परस्परविरोधी असलेली एक मोठी परंपरा मोजली जाते आणि तिच्यातली अतिशय गंभीर, कष्टाने उभी केलेली भारतीय शिल्पे त्या हशात वाहून जातात. पत्र थोडे लांबले आहे, ते आपण चालवून घ्यावे.

प्रथम त्या केळ्याविषयीच दोन शब्द. २०१९ मध्ये मायामीच्या ‘आर्ट बाझल’ मेळ्यात ते पहिल्यांदा भिंतीवर लागले, तेव्हा त्याची किंमत १ लाख २० हजार डॉलर होती आणि तिथेही एका कलावंताने ते सोलून खाल्ले होते. कलाकृतीला त्याने काहीच झाले नाही, कारण विकले जाते ते एक प्रमाणपत्र आणि केळे कसे व किती उंचीवर लावायचे याच्या सूचना. केळे सडले की नवे आणायचे असते. २०२४ च्या लिलावानंतर अमेरिकेतील एका वृत्तपत्राने मात्र एक वेगळा प्रश्न विचारला. हे केळे आले कुठून? ते लिलावगृहाजवळच्या एका फळगाडीवरून आणलेले निघाले. विक्रेता बांगलादेशातून आलेला एक वृद्ध गृहस्थ होता आणि त्याने ते ३५ सेंटना विकले होते. त्या सगळ्या गदारोळात छापल्या गेलेल्या मजकुरापैकी माझ्या मते हाच एक तुकडा कलासमीक्षेच्या जवळ जाणारा होता, कारण वस्तू कुठून आली आणि कलावंताने तिचे नेमके काय केले, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय या प्रकारच्या शिल्पाविषयी काहीही बोलता येत नाही. ‘कॉमेडियन’ला ते विचारले तर उत्तरे फार तोकडी मिळतात. तिथे केळ्याला भूतकाळ नाही, घनतेचा वा वजनाचा विचार नाही, आहे तो बाजाराविषयीचा एक विनोद, आणि तो एकदाच हसण्याजोगा आहे. तेव्हा केळ्याची वकिली मला करायची नाही.

या परंपरेचा उगम सांगताना मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताच्या ‘फाउंटन’ची गोष्ट हटकून सांगितली जाते आणि बहुधा चुकीची सांगितली जाते. द्युशाँ यांनी १९१७ साली प्रदर्शनात मूत्रपात्र मांडले आणि प्रेक्षक खवळले, असे आपण वाचतो. वास्तविक ते त्या प्रदर्शनात मांडले गेलेच नाही. न्यूयॉर्कच्या ‘सोसायटी ऑफ इंडिपेंडंट आर्टिस्ट्स’ने असे जाहीर केले होते की सहा डॉलर भरणाऱ्या कोणाचेही काम परीक्षकांविना स्वीकारले जाईल, द्युशाँ स्वतः संचालक मंडळात होते. ‘आर. मट’ अशी सही असलेले, आडवे ठेवलेले मूत्रपात्र तिथे दाखल झाले, मंडळाने मतदान करून ते दडपले आणि द्युशाँ यांनी राजीनामा दिला. ते मुळात पाठवले कोणी, द्युशाँ यांनी की त्यांच्या एखाद्या मैत्रिणीने, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. छायाचित्रकार अल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी त्याचे छायाचित्र काढले, ते ‘द ब्लाइंड मॅन’ या छोट्या नियतकालिकात छापून आले आणि मूळ वस्तू नाहीशी झाली. म्हणजे ज्याला विसाव्या शतकातले सर्वांत प्रभावी शिल्प म्हटले जाते, ते त्या काळी पाहिलेली माणसे मूठभरच असतील. लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाच्या संग्रहात आज जे आहे, ती १९६४ मध्ये मिलानचे कलाविक्रेते आर्तुरो श्वार्त्झ यांनी काढलेल्या प्रतींपैकी एक आहे, आणि ती चक्क त्या जुन्या छायाचित्रावरून मातीत घडवून, भाजून, झिलई देऊन केलेली आहे. कारखान्यातून निघालेली तयार वस्तू कलाकृती ठरावी म्हणून एवढा खटाटोप झाला आणि शेवटी तिच्या प्रती कुंभाराने हाताने घडवाव्या लागल्या, हे द्युशाँ यांच्या विनोदबुद्धीला शोभेसेच आहे.

द्युशाँ यांचे म्हणणे स्पष्ट होते. अशा वस्तू निवडताना त्यांना सौंदर्य नको होते, कुरूपताही नको होती; डोळ्याला ज्याचे काहीच वाटत नाही अशी वस्तू हवी होती, असे त्यांनी पुढे १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयातील भाषणात सांगितले. १९१४ मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या दुकानातून त्यांनी बाटल्या वाळत घालण्याचे लोखंडी स्टँड आणले. द्युशाँ अमेरिकेला गेल्यावर बहिणीने खोली आवरताना ते स्टँड आणि आधी स्टुलावर बसवलेले सायकलचे चाक दोन्ही टाकून दिले. आपल्याकडे हा प्रसंग ऐकला की लोक बहिणीची बाजू घेतात, आणि त्यात गैर काही नाही. परंतु त्या निर्विकार निवडीत एक विचार होता: कलावंताच्या हाताचे कौतुक, त्याची अभिरुची, त्याची भावना हे सगळे काढून घेतल्यावर कलेत काय उरते, हा प्रश्न. तो विचारून झाला. शंभर वर्षांनी तोच प्रश्न तशाच शब्दांत विचारणाऱ्यांना आपण कंटाळलो असू तर दोष आपला नव्हे.

आता याच्या शेजारी पाब्लो पिकासो यांचे ‘बैलाचे डोके’ ठेवावे. द्युशाँ यांनी १९१३ साली सायकलचे पुढचे चाक स्वयंपाकघरातल्या स्टुलावर उलटे बसवले. पिकासो यांनी १९४२ साली, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, सायकलची जुनी सीट आणि गंजका हँडल एकमेकांना जोडले आणि बैलाचे डोके झाले. वाहन एकच, कलावंत एकाच पिढीतले, आणि तरी दोन कृती एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत. द्युशाँ यांचे चाक चाकच राहते. ते दुसरे काही होत नाही, हाच त्याचा मुद्दा. पिकासो यांच्या हाती मात्र सीट म्हणजे बैलाचा लांबट चेहरा होतो, हँडल म्हणजे शिंगे होतात, आणि तरीही सीट व हँडल नजरेआड होत नाहीत. डोळा या दोन्हींमध्ये येरझारा घालत राहतो. हे शिल्पकाराचे काम आहे. कोणता भाग कुठे टेकतो, तोल कुठे सांभाळला जातो, मधली पोकळी काय करते, हे प्रश्न दगडात काम करणाऱ्याला जसे पडतात तसेच इथेही पडलेले आहेत. ‘सापडलेली वस्तू’ या एकाच मथळ्याखाली ही दोन्ही कामे आपण घालतो आणि दोन्हींना एकच शेरा मारतो, तिथे घोटाळा सुरू होतो.

भारतात, आणि मुंबईत विशेषतः, या शिल्पाची वाट पिकासो यांच्या अंगाने गेली. न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या फोर्टमधील इमारतीवरची भव्य उठावशिल्पे करणारे ना. ग. पानसरे हे जुन्या वळणाचे जाणते शिल्पकार. पिलू पोचखानावाला आणि आदी दावियरवाला ही दोघे पारशी मंडळी शिल्पकला शिकली ती त्यांच्याच हाताखाली. दावियरवाला तर व्यवसायाने औषधनिर्माणतज्ज्ञ होते. पुढे या दोघांनी कारखान्यातले धातू, यंत्रांचे भाग, मोडीतले लोखंड यांना वेल्डिंगने जोडून शिल्पे उभी केली. गुरूच्या छिन्नीपासून शिष्यांच्या वेल्डिंगच्या ज्योतीपर्यंतचा हा प्रवास एका पिढीत, एकाच शहरात झाला, आणि त्यात कुठेही कोणाला फसवण्याचा हेतू नव्हता. मराठीत यावर जेवढे लिहिले जायला हवे होते तेवढे लिहिले गेले नाही, असे मला वाटते.

याहून पुढची पायरी मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती पिकासो यांच्या वाटेनेही जात नाही आणि द्युशाँ यांच्या तर मुळीच नाही. तिच्यात वस्तूचे दुसरे काही व्हावे ही धडपड नसते, आणि ती निर्विकारपणे निवडलेलीही नसते. वस्तू ज्यांनी वापरली त्यांची झीज तिच्यावर आहे म्हणूनच ती उचललेली असते. विवान सुंदरम यांचे ‘ट्वेल्व्ह बेड वॉर्ड’ हे २००५ चे मांडणशिल्प हे याचे मला माहीत असलेले सर्वांत ठाशीव उदाहरण. अंधाऱ्या खोलीत रुग्णालयातल्यासारख्या लोखंडी खाटा ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर एक दिवा टांगलेला, आणि गादीच्या जागी दोऱ्यांनी ताणून बांधलेले टाकाऊ पादत्राणांचे तळवे. उजेड तळव्यांमधून गाळून खाली जमिनीवर सावल्या पाडतो. तळवा हा पादत्राणाचा असा भाग आहे की ज्यावर माणसाचे चालणे अक्षरशः उमटते. कोण टाचेवर भार देतो, कोण अंगठ्यावर, कोणाचा पाय आत वळतो, हे तिथे वाचता येते. शिल्पकाराने तळवा कोरला असता तर ही झीज त्याला कल्पनेने आणावी लागली असती. ती वर्षानुवर्षे चालणाऱ्या अनोळखी माणसांनी आणलेली आहे, आणि सुंदरम यांनी तिला झोपायला जागा दिली. इथे ‘हे कोणीही करील’ म्हणणाऱ्याने एकदा करून पाहावे.

चंदीगडचे रॉक गार्डन याच वर्गात येते, जरी त्याचे कर्ते नेकचंद कुठल्याही कलाशाळेत गेलेले नव्हते. फाळणीत घर सुटलेला हा माणूस सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होता. वास्तुरचनाकार ले कॉर्ब्युझिए यांच्या आराखड्याचे नवे शहर वसवण्यासाठी जी गावे उठवली गेली, त्यांच्या पडझडीतून फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशा, विजेचे बटण-सॉकेट, न्हाणीघरातली चिनी मातीची भांडी त्यांनी सायकलवरून वाहून आणली आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारी जंगलजमिनीत गुपचूप एक नगरी रचली. प्रशासनाला पत्ता लागल्यावर ती पाडली जाण्याची वेळ आली होती. लोकांच्या आग्रहामुळे ती वाचली आणि १९७६ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. ज्या आराखड्यात एकही रेघ वाकडी नव्हती, त्याच्या पोटात हटवलेल्या गावांच्या बांगड्यांनी मढलेल्या स्त्रिया रांगेने उभ्या राहिल्या. तिथे जाणारे कुटुंबवत्सल पर्यटक ‘याला कला म्हणायचे का?’ असे विचारत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. हा प्रश्न बहुधा कलादालनाच्या पांढऱ्या भिंतीपाशीच सुचतो.

मुंबईच्या शर्मिला सामंत यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस कोका-कोलाच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणे धातूच्या कड्यांनी एकमेकांत गुंफून एक साडी केली. कोका-कोला कंपनी १९९३ मध्ये भारतात परत आली होती, हे त्या साडीमागचे निमित्त उघड आहे. परंतु निमित्तापेक्षा काम मोठे झाले ते त्यातल्या मेहनतीमुळे: हातमागाची साडी जितक्या सोशिकपणे विणतात तितक्याच सोशिकपणे कारखान्यातला कचरा विणला गेला आहे. कौशिक मुखोपाध्याय हे मुंबईतच मोडक्या घरगुती यंत्रांचे भाग जोडून हलती, कुरकुरती शिल्पे करतात. त्यांच्यात मिश्किलपणा आहे आणि दुरुस्तीच्या दुकानात तासन्‌तास बसणाऱ्या माणसाची समजही आहे.

सुबोध गुप्ता यांच्याविषयी मात्र मी द्विधा आहे. बिहारमधील खगौलचा हा कलावंत स्टीलच्या भांड्यांमुळे जगभर गाजला. २००६ ची ‘व्हेरी हंग्री गॉड’ ही भांड्यांची प्रचंड कवटी व्हेनिसमध्ये कालव्याच्या काठी पालाझ्झो ग्रास्सीसमोर उभी राहिली. २००८ चे ‘लाइन ऑफ कंट्रोल’, म्हणजे डबे, तांबे, पेले, कढया यांचा सुमारे दहा मीटर उंच अणुस्फोटाचा ढग, लंडनला टेटच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात आणि नंतर दिल्लीत किरण नादर संग्रहालयात दिसला. आकार दिपवून टाकणारा आहे, यात शंका नाही. तरी त्या चकचकाटात मला काहीतरी कमी वाटते. आपल्या घरांत भांड्यावर नाव घालण्याची रीत आहे: मावशीने मुंजीत दिलेल्या वाटीवर तिचे नाव, मुंजमुलाचे नाव आणि तारीख टोचून घातलेली असते, जुन्या साड्या बोहारणीला देऊन घेतलेल्या डब्याचा तोल आणि त्यावरची घासाघीस घरातल्या बाईला पुढे कितीतरी वर्षे आठवत असते, पोचा आलेले पातेले मोडीत घालायचे की नाही यावर घरात चर्चा होते. गुप्ता यांच्या त्या महाकाय शिल्पांतली भांडी दुकानातून आल्यासारखी कोरी दिसतात. त्यांच्यावर कोणाचे नाव नाही. पुढे २०११ ते २०१३ दरम्यान केलेल्या ‘धिस इज नॉट अ फाउंटन’मध्ये त्यांनी वापरून काळवंडलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा ढीग रचला आणि त्यात वाहते नळ सोडले. शीर्षक द्युशाँ यांना कोपरखळी मारते, पण भांडी कोणीतरी खरोखर शिजवून, घासून, आपटून जुनी केलेली आहेत. प्रसिद्धी कवटीच्या वाट्याला आली असली तरी मला हे शिल्प सरस वाटते. हे मत कोणाला पटणार नाही, पण निदान ते किमतीवरून बनवलेले मत नाही.

‘शेंदूर फासला की दगडाचा देव होतो, तसेच दालनात ठेवले की भंगाराचे शिल्प होते’ असे एक वाक्य आपल्याकडील चर्चांत सहज फेकले जाते, कधी समर्थनासाठी, कधी हिणवण्यासाठी. मला ते दोन्ही बाजूंनी अपुरे वाटते. तांदळ्याला, म्हणजे अशा अनघड दगडाला, देवपण येते ते गावाने पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या पूजेने, नवसाने, जत्रेने. तिथे सगळा गाव कर्ता असतो. दालनातल्या वस्तूची जबाबदारी एका कलावंतावर असते, आणि म्हणून त्याला जाब विचारता येतो, विचारलाही पाहिजे: हीच वस्तू का, अशीच का ठेवली, हिच्याऐवजी दुसरी ठेवली असती तर काय बिघडले असते? सुंदरम यांच्या तळव्यांच्या जागी दुकानातले कोरे तळवे बसवले तर शिल्प कोसळते. कॅटेलान यांच्या केळ्याच्या जागी दुसरे केळे लावले तर काहीच होत नाही, आणि ते तसेच ठरलेले आहे. फरक करायला एवढे पुरते.

हा फरक न करण्याचा परिणाम काय होतो, याचा एक अलीकडचा दाखला. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्समधील लिसे येथील एका संग्रहालयात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कामगाराने बिअरचे दोन चेपलेले डबे कचरा समजून टाकून दिले आणि ते कलाकृती असल्याचे नंतर कळले. जगभर ही बातमी ‘कला की कचरा’ या थाटात चघळली गेली. प्रत्यक्षात अलेक्झांडर लाव्हे या फ्रेंच कलावंताने त्या डब्यांवरचा बारीकसारीक छापील मजकूर आणि चित्रे ॲक्रिलिक रंगांनी हाताने रंगवलेली होती. ती वापरातली वस्तू नव्हतीच, ते सूक्ष्म चित्रकाम होते. बिचाऱ्या कामगाराची चूक क्षम्य आहे, संग्रहालयानेही त्याला दोष दिला नाही. हाताचे कसब नाही म्हणून आधुनिक कलेला रोज झोडपणाऱ्यांनी मात्र इथे इतके कसब असताना ते बातमीच्या मथळ्यात येऊ दिले नाही, याचे आश्चर्य वाटते.

आपल्याकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. मुंबईतल्या जहांगीर कलादालनापासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयापर्यंत, आणि पुणे, नाशिक, कोल्हापूर, पणजी येथील लहानमोठ्या दालनांत वर्षभर अशी कामे मांडली जातात. त्यांच्याविषयी छापताना वस्तू कोणती, ती नवी की वापरलेली, कुठल्या बाजारातून वा कोणाच्या घरातून आली, ती कशी जोडली आहे, शिल्पाची उंची-रुंदी किती, एवढी माहिती बातमीत असावी. चित्राचे एक छायाचित्र पुरते, शिल्पाचे पुरत नाही. निदान दोन बाजूंनी काढलेली छायाचित्रे छापावीत, म्हणजे मागची बाजू रिकामी आहे की तिथेही काही घडते आहे, हे वाचकाला कळेल. समीक्षक पाठवणे शक्य नसेल तर एखादा वेल्डर, तांबट आळीतला कारागीर किंवा भंगारच्या धंद्यातला जाणता माणूस सोबत न्यावा आणि त्याचे म्हणणे छापावे. धातूचा जोड कच्चा आहे की पक्का, पत्रा किती वर्षांचा आहे, हे तो आपल्यापैकी अनेकांपेक्षा अचूक सांगेल. किंमत शेवटच्या परिच्छेदात आली तरी चालेल.

दालनचालकांनाही याच पत्रातून एक विनंती करतो. शिल्पाशेजारी लावलेली पाटी इंग्रजीत आणि तीही अशी असते की इंग्रजी जाणणाऱ्यालाही तिच्यातून काही हाती लागू नये. वस्तूंची साधी यादी, त्या कुठून मिळाल्या याची एक ओळ, आणि हे सगळे मराठीत, असे छापून लावायला खर्च फारसा येत नाही. ज्यांच्या घरातून ही भांडी, झाकणे आणि तळवे बाहेर पडले, त्यांतले बरेच जण ती पाटी वाचू शकतील.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त कलाशिक्षक, पुणे